खालच्या मजल्यावरचं छत: रीगामध्ये लात्वियन भाषेत मागितलेली एक माफी

पार्श्वभूमी

ही गोष्ट लात्वियाच्या राजधानीत, रीगामध्ये घडली. सातारा जिल्ह्यातला एक मुलगा तिथे शिकायला आलेला. वय तेवीस. दाउगावा नदीच्या डाव्या काठाला, सोव्हिएत काळात बांधलेल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायचा. त्याच्या बरोबर खाली सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. इथे त्यांना बाई म्हणते. मी रीगात बरीच वर्षं आहे, भाषांतराचं काम करते, आणि इथल्या मराठी मुलांचं काही अडलं की मला फोन येतो. हा मुलगा मला ताई म्हणतो. दोघांच्याही परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बोललेले शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळं त्या शब्दांवरच अडलं आणि त्यांच्यामुळेच सुटलं.

दिवस होता १८ नोव्हेंबर. १९१८ साली याच तारखेला लात्वियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. या दिवशी घराघरांवर झेंडे लागतात, घरी पाहुणे जमतात, संध्याकाळी दाउगावाच्या काठी आतषबाजी होते. नोव्हेंबरात इथे चारच्या आसपास अंधार पडतो, त्यामुळे त्या उजेडाचं लोकांना फार अप्रूप. मुलाने कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकले, मशीन चालू केलं आणि आतषबाजी बघायला गेला. मागे मशीनची नळी निसटली. तो परतला तेव्हा न्हाणीघरात घोटाभर पाणी होतं आणि खालच्या घराचं छत ठिबकत होतं.

अडचण

पाणी बंद करून तो तसाच खाली धावला. बाईंनी दार उघडलं. मागे खोलीत पाहुणे, टेबलावर बादली. तो इंग्रजीत बोलू लागला. बाई नुसत्या बघत राहिल्या. मग दुकानात ऐकून ऐकून पाठ झालेला रशियन शब्द त्याने वापरला, ‘इज़्विनीते’, म्हणजे माफ करा. बाईंचा चेहरा आणखी आक्रसला. शेवटी त्याने फोन काढला, भाषांतराच्या ॲपमध्ये इंग्रजीत ‘सॉरी’चं वाक्य टाकलं आणि पडद्यावर आलेलं वाचून दाखवलं: ‘मान झेल.’

बाई म्हणाल्या, ‘मान आरी.’ आणि दार लागलं.

‘मान झेल’ म्हणजे ‘मला वाईट वाटतं’. ‘मान आरी’ म्हणजे ‘मलाही’.

त्या दोन शब्दांत सगळं आलं. ‘झेल’मध्ये खेद आहे, पण चूक कबूल केलेली नाही. कुणाचं मांजर मेलं तरी ‘मान झेल’, कुणाची बस चुकली तरी ‘मान झेल’. ज्याच्या घरातून पाणी पडतंय त्याने दारात येऊन ‘मला वाईट वाटतं’ म्हणायचं, यावर ‘मलाही वाटतं’ याहून वेगळं उत्तर काय येणार?

रशियन शब्दाने काय झालं, तेही सांगायला हवं, कारण रीगात नव्याने आलेली मुलं ही चूक हमखास करतात. रीगात रशियन बोलणारे खूप आहेत, दुकानात, ट्राममध्ये ती कानावर पडत राहते, आणि मुलांना वाटतं की ही इथली दुसरी सोयीची भाषा. पण बाईंच्या पिढीचं शिक्षण आणि नोकरीची बरीच वर्षं सोव्हिएत राजवटीत गेली. कार्यालयात, दुकानात आपली भाषा बाजूला ठेवून रशियन बोलावं लागायचं. १९८९च्या जनगणनेत लात्वियामध्ये लात्वियन लोक जेमतेम ५२ टक्के उरले होते. स्वातंत्र्याच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, छतातून पाणी गळत असताना दारात रशियन ऐकू येणं त्यांना किती लागलं असेल! मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं हा त्याचा गुन्हाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीही ॲपमधूनच उतरवलेली. मशीन जुनं आहे, घरमालकाचं आहे, परीक्षा जवळ आली आहे, नळी निसटेल असं वाटलं नव्हतं, आणि शेवटी माफीचा लात्वियन शब्द, ‘अत्वाइनुओ’. तीन दिवस उत्तर नाही. जिन्यात बाई दिसल्या, त्यांनी मान वळवली. चौथ्या दिवशी मला फोन आला. ‘ताई, मी दोनदा माफी मागितली. त्या बोलतच नाहीत. आता काय करू?’

मी चिठ्ठीचा फोटो मागवला आणि माझ्या एका लात्वियन सहकारी बाईंना दाखवला. त्यांनी मजकुराआधी एका शब्दावर बोट ठेवलं. चिठ्ठी सगळी ‘तु’मध्ये होती.

लात्वियनमध्ये आपल्यासारखंच आहे. ‘तु’ म्हणजे तू, उच्चारही जवळजवळ तोच. ‘यूस’ म्हणजे तुम्ही. क्रियापदाचं रूपही त्याप्रमाणे बदलतं: जवळच्याला ‘अत्वाइनुओ’, मान द्यायच्या माणसाला ‘अत्वाइनुओयिएत’. पत्रात एका व्यक्तीला आदराने ‘यूस’ लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढतात. सत्तरीच्या अनोळखी शिक्षिकेला ‘अत्वाइनुओ’ लिहिणं म्हणजे आपल्याकडे शाळेतल्या बाईंना ‘ए, माफ कर गं’ लिहिण्यासारखं. मुलगा बापाला ‘अहो बाबा’ म्हणणाऱ्या घरातला. त्याला हे एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मी त्यांना अरे-तुरे केलं, ताई?’

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या. पहिली, घरमालकाकडे बोट दाखवायचं. मशीन त्याचंच होतं. कायद्याने त्यात तथ्य असेल, पण बाईंचा शेजारी हा मुलगा होता, घरमालक नव्हे. दुसरी, मी सोबत जाऊन दुभाषी व्हायचं. मला तेच बरं वाटत होतं. सहकारी बाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही बोललात तर त्या तुम्हाला माफ करतील. मुलगा तुमच्या मागे उभा राहील.’ मला ते टोचलं, पण खरं होतं. तिसरी, नीट लिहिलेलं पत्र. आणि चौथी, मुलाने एकट्याने जायचं, चार वाक्यं लात्वियनमध्ये पाठ करून, आणि पत्र सोबत न्यायचं, म्हणजे उच्चार फसला तरी अर्थ फसणार नाही.

आम्ही चौथी वाट धरली. आता ती चार वाक्यं कोणती, यावर दोन संध्याकाळी गेल्या. मला हाच भाग सविस्तर सांगायचा आहे.

माफीसाठी लात्वियनमध्ये दोन मुख्य क्रियापदं आहेत. ‘अत्वाइनुओत’ यात ‘वाइना’ हा शब्द बसलेला आहे, वाइना म्हणजे चूक, दोष. त्यामुळे ‘अत्वाइनुओयिएत’ म्हणजे माझ्यावरचा दोष काढा. पण रोजच्या वापराने हा शब्द हलका झाला आहे. ट्राममध्ये वाट मागताना, रस्त्यात पत्ता विचारताना, चुकून धक्का लागला तर, सगळीकडे हाच चालतो. आपण ‘जरा बाजूला होता का’ म्हणतो, तिथेही ते ‘अत्वाइनुओयिएत’ म्हणतात. दुसरं क्रियापद ‘पिएदुओत’. यातला ‘दुओत’ म्हणजे देणे, संस्कृतातल्या ‘दा’ धातूचा सख्खा नातेवाईक. ‘पिएदुओदिएत’ म्हणजे क्षमा करा, क्षमा द्या. हा शब्द खोल जातो. त्यामागे ‘लूजु’ लावायचं, म्हणजे कृपया.

तिसरं एक रूप मुलांना पुस्तकात भेटतं, ‘अत्वाइनुओयुओस’, म्हणजे मी माफी मागतो. बोलण्यात ते सर्रास चालतं. पण त्याच्या शेवटी जो ‘स’ आहे तो क्रिया स्वतःकडे वळवणारा, म्हणून भाषेबाबत चोखंदळ माणसं कुरकुरतात की हा तर स्वतःच स्वतःचा दोष काढून मोकळा झाला. समोर निवृत्त शिक्षिका होत्या. आम्ही ते रूप टाळलं.

माझा पहिला मसुदा ‘लूजु पिएदुओशानु’ असा होता, म्हणजे मी क्षमायाचना करतो. सहकारी बाई म्हणाल्या, छतासाठी हे फार जड होतं, एखाद्याचा विश्वासघात केल्यासारखं वाटतं. ‘पिएदुओदिएत, लूजु’ पुरे.

खरा पेच वेगळाच निघाला. मुलाला वाक्य सांगितलं, ‘मी तुमच्या घरात पाणी सोडलं.’ तो अडखळला. ‘पण ताई, मी सोडलं नाही ना. पाणी गळलं.’ मी थांबले. मराठीत आपण असंच बोलतो. कप फुटला. दूध उतू गेलं. माझ्याकडून राहून गेलं. हातून चूक झाली. करणारा वाक्याच्या कडेला उभा असतो. यात लबाडी नाही, आपल्या भाषेचा तो मऊपणा आहे, आणि समोरचाही मराठी असेल तर त्याला त्यातली शरम बरोबर ऐकू येते. लात्वियनमध्येही ‘पाणी गळलं’ म्हणता येतंच. पण बाईंना पाणी गळलं हे माहीत होतं. त्यांना ऐकायचं होतं ते ‘मी’. मराठीत आपल्याकडेही ‘चुकलं माझं’ आहे, आणि त्याला लात्वियनमध्ये अगदी जुळणारं वाक्य आहे: ‘ता इर माना वाइना.’ ही माझी चूक आहे. ते सांगितल्यावर त्याची गाठ सुटली.

ठरलेली वाक्यं अशी. ‘लाब्दिएन’, म्हणजे नमस्कार. ‘एस आप्लुदिनायु यूसु जीवुओक्लि’, मी तुमच्या घरात पाणी घातलं. ‘ता इर माना वाइना.’ ‘पिएदुओदिएत, लूजु.’ आणि ‘एस सामाक्साशु पार रेमोंतु’, दुरुस्तीचे पैसे मी देईन. मशीन जुनं होतं, परीक्षा होती, घरमालकाचं होतं, हे सगळं गाळलं. विचारलं तर सांगायचं.

संबोधनावर आमचा थोडा वाद झाला. त्याला ‘आजी’ म्हणायचं होतं. लात्वियनमध्ये आजीला ‘वेत्समामिन्या’ किंवा लाडाने ‘ओमीते’ म्हणतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बाईला आजी म्हटलं की अंतर कमी होतं. लात्वियन माणूस नात्याचे शब्द घराबाहेर असे वापरत नाही. अनोळखी तरुणाने ‘ओमीते’ म्हटलं तर वय काढल्यासारखं होतं. तिथे आडनावाचं षष्ठीचं रूप आणि पुढे ‘कुंद्झे’ असं म्हणतात, जसं ‘काल्निन्यास कुंद्झे’. दारावरच्या पाटीवर आडनाव होतंच. पत्राची सुरुवात ‘गुओदाता’ म्हणजे माननीय, आणि शेवट ‘आर त्सिएन्यु’, आदरपूर्वक.

उच्चारात मराठी माणसाला एक फायदा आहे, तो मी मुलांना नेहमी सांगते. ‘लूजु’मधला ज हा ‘जुना’मधला ज आहे, ‘जीवन’मधला नव्हे. ‘चाक’मधला च लात्वियनमध्ये जागोजागी आहे. हिंदी भाषकांना यासाठी घाम गाळावा लागतो, आपल्याला तो आयता मिळालेला आहे. जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा, ‘लाब्दिएन’सारखे काही शब्द सोडून.

काय केलं

रविवारी दुपारी जायचं ठरलं. रिकाम्या हाताने नको म्हणून आम्ही तेर्बातास रस्त्यावरच्या फुलबाजारात गेलो. लात्वियात फुलांना फार मान. शाळा सुरू होते त्या दिवशी मुलं शिक्षकांसाठी फुलं नेतात, शिक्षिकेच्या घरी जाताना तर फुलं हवीतच. मुलाने पांढऱ्या शेवंतीच्या फुलांचे बारा दांडे उचलले. मी एक परत ठेवायला लावला. जिवंत माणसाला द्यायची फुलं विषम, सम संख्या फक्त मयताला. त्याने विचारलं, म्हणजे आपल्या शकुनाच्या एकावन्न, एकशे एक रुपयांसारखं? हो, तसंच. पांढरा रंगही बदलून पिवळा घेतला, उगाच शंका नको.

दारापाशी मी नव्हते. पुढचं त्याने सांगितलेलं आहे, आणि नंतर बाईंकडून थोडं कळलं.

बाईंनी दार उघडलं. त्याने उंबरठ्याबाहेरूनच फुलं पुढे केली. बाईंनी घेतली नाहीत, हाताने आत ये अशी खूण केली. उंबऱ्यावरून हात मिळवू नये असं लात्वियातही मानतात. आपल्या आईने हजारदा सांगितलेलं, उंबऱ्यावरून देऊ-घेऊ नये, ते त्याला तिथे आठवलं. तो आत गेला, बूट काढले, आणि वाक्यं म्हणाला. ‘आप्लुदिनायु’वर अडखळला, परत म्हणाला.

मग बाई काहीच बोलल्या नाहीत.

मी त्याला याबद्दल बजावून ठेवलं होतं. बोलून झालं की थांब. मध्ये काही भरू नकोस, सॉरी सॉरी करू नकोस. लात्वियन माणसाचं गप्प राहणं म्हणजे राग असतोच असं नाही, तो ऐकलेलं आत घेत असतो. त्याने मनात वीसपर्यंत आकडे मोजले, असं म्हणाला.

बाई म्हणाल्या, ‘नेकास.’ काही नाही. आपलं ‘काही नाही हो’ जसं असतं तसं. मग छत दाखवलं. खोलीभर पिवळसर डाग, रंगाचे पोपडे. त्यांचा भाचा रंगकाम करतो, तो करील, साहित्याचे आणि मजुरीचे पैसे द्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

त्यानंतर त्यांनी कपाटातून एक घडी काढली. तागाचा टेबलक्लॉथ, हाताने विणलेला. त्यांच्या आईने विणलेला. वर्षातून दोन-तीनदाच काढायचा, म्हणून १८ नोव्हेंबरला काढला होता. छताचं तपकिरी पाणी त्यावर पडलं होतं. मधोमध ताटलीएवढा डाग.

मुलाकडे यासाठी वाक्य नव्हतं. पैशाचं वाक्य त्याने आधीच म्हणून टाकलं होतं, आणि ते इथे परत म्हणता येणार नाही एवढं त्याला कळलं. त्याच्याजवळ जो एकच लात्वियन शब्दसमूह उरला होता, तो त्याने म्हटला: ‘मान ल्युओति झेल.’ मला फार वाईट वाटतं.

पहिल्या रात्री दारात चुकलेला तोच शब्द. इथे तो बरोबर होता. छत हा दोष होता, त्याला ‘वाइना’ हवी होती. आईच्या हातचं कापड हे दुःख होतं. बाईंनी मान डोलावली आणि चहा ठेवला.

निष्पत्ती

छत दोन आठवड्यांत रंगवून झालं. पैसे मुलाने दिले. घरमालकाने नळीची जबाबदारी घेतली नाही, आणि त्यावर भांडायला मुलाकडे वेळ नव्हता. टेबलक्लॉथचा डाग धुऊन फिका झाला, पण आहे. बाई जिन्यात आता ‘लाब्दिएन’ म्हणतात. त्या त्याला अजून ‘यूस’च म्हणतात, तोही त्यांना. ‘तु’वर यायचं का हे वडील माणसाने सुचवायचं असतं, आणि त्यांनी सुचवलेलं नाही. यात तुटकपणा शोधू नये. त्या मोठ्या, तो शेजारी, एवढं ते नातं आहे आणि ते नीट चाललं आहे.

पुन्हा वेळ आली तर

माझी चूक आधी सांगते. मी माफीची वाक्यं घोटून घेतली, पण ‘आणखी काय काय भिजलं?’ हा प्रश्न शिकवला नाही. पैशाचं वाक्य आम्ही नुकसान बघण्याआधी ठेवलं, त्यामुळे टेबलक्लॉथ निघाला तेव्हा मुलगा निःशस्त्र उभा राहिला. ‘मान ल्युओति झेल’ त्याला सुचलं हे त्याचं शहाणपण, माझी तयारी नव्हे. आता कुणी विचारलं तर मी क्रम बदलते: चूक सांगा, क्षमा मागा, मग ‘मला दाखवाल का?’ असं विचारा. पैसे सगळ्यात शेवटी.

दुसरं, चार दिवस. पहिल्याच रात्री मला फोन आला असता तर चिठ्ठी गेली नसती. चिठ्ठीने गळतीपेक्षा जास्त नुकसान केलं असं सहकारी बाईंचं मत आहे. मी इतकं म्हणणार नाही, पण ‘तु’मध्ये लिहिलेलं अर्धं पान सबबींचं होतं, हे खरं.

घराच्या विम्यात शेजाऱ्यांचं नुकसान भरून देणारी तरतूद लात्वियात सहज मिळते. भाडेकरूलाही घेता येते. त्याने ती आता घेतली आहे. रीगात खोली घेणाऱ्या प्रत्येक मुलाने ती पहिल्या महिन्यातच घ्यावी असं मी कळकळीने सांगते.

आणि त्या रात्रीचं पहिलं वाक्य. दारात उभं राहिल्यावर बाईंना सगळ्यात आधी माफी नको होती, छतातून येणारं पाणी थांबलं का हे हवं होतं. ते त्याने बंद केलेलंच होतं, पण सांगता आलं नाही. ‘ऊदेंस इर आइज़ग्रिएस्त्स’, पाणी बंद केलं आहे. ‘ऊदेंस’ म्हणजे पाणी, आपल्या ‘उदक’च्या घराण्यातलं, म्हणून त्याला लगेच पाठ झालं. न्हाणीघरात नळाच्या मुख्य चावीपाशी त्याने हे वाक्य कागदावर देवनागरीत लिहून चिकटवलं आहे, आणि त्याखाली ‘पिएदुओदिएत, लूजु’.